घरचा मिस्त्री : पुढचा ब्रेक

दसऱ्याला मोटारसायकलला हार घातलात. आता दिवाळीत पुढचा डिस्क ब्रेक पाहा. पॅडचे अस्तर मिलिमीटरभर उरले असेल तर दोन्ही पॅड एकदमच बदलावेत. कॅलिपर सोडवून पिस्टन पुसावा व हळूहळू आत दाबावा. तेव्हा मुठीजवळच्या डबीतले ब्रेक ऑईल वर चढते. सांडले तर रंग खाते, म्हणून ओले फडके जवळ ठेवावे. नव्या पॅडला तेलकट बोट लावू नये. बोल्ट पक्के आवळले, की गडी लगेच गाडीवर बसतो. थांबा! आत गेलेला पिस्टन अजून पॅडला टेकलेला नाही. पहिला दाब फुकटच जातो. लिव्हर कडक लागेपर्यंत जागेवरच दाबत राहावे. नाहीतर पहिला ब्रेक समोरची भिंतच लावायची!