सनईच्या जागी कुल्फीवाला!



गेल्या खेपेस आपण बाजाच्या पेटीच्या पोटात डोकावलो होतो. भाता, पितळेचे सूर, पट्ट्या, सगळं पाहिलं. आज त्या पेटीच्या नातवंडांची गोष्ट. नातवंडं म्हणजे विजेवर वाजणारे कीबोर्ड. पुस्तकात त्यांना सिंथेसायझर म्हणतात. आपल्याकडे वरातीत मात्र कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याचं नाव 'कॅसिओ'च!

माझी पुतणी बारामतीत आमच्याच घरी असते, भाचा इंदापूरला. दोघंही आठवीत. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे आला तो एक वही घेऊनच. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांच्या वर्गाची नाटुकली होती, गावाकडच्या लग्नाची. नवरदेव मांडवात आला की सनई वाजायची, आणि ती कीबोर्डवर वाजवायचं काम या पठ्ठ्याकडे. शाळेचा कीबोर्ड होता कपाटात, कुलपात. तो निघणार थेट संमेलनाच्या दिवशी. मग सराव कुठं करायचा? पुतणीच्या कीबोर्डवर!

आठ दिवस घरात सनई घुमली. शेजारच्या आजी विचारायला आल्या, "काय हो, कुणाचं ठरलं?" भाच्याने वहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवलं : 'सनई – ११२'. म्हणजे कीबोर्डवर ११२ हा आकडा दाबला की सनईचा आवाज.

संमेलनाचा दिवस उजाडला. पडदा वर गेला. नवरदेव मुंडावळ्या सावरत मांडवात आला. भाच्याने ११२ दाबलं, बोटं टेकवली आणि... टिंग टिंग टिंग टिंग! नाजूक घंटीचा आवाज! मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आला रे, कुल्फीवाला आला!" पुढचं विचारू नका. नवरदेवसुद्धा हसत सुटला.

रात्री फोन आला. "मामा, तुम्ही सनई बसवून दिलीत आणि इथं कुल्फीवाला आला! मी नाही आता परत कीबोर्डला हात लावणार." आवाज रडवेला होता. बक्षीस समारंभात तीच नाटुकली पुन्हा होणार होती, आणि वर्गाने ठरवलं होतं की या वेळी सनई मोबाईलवर लावायची.

पुतणी म्हणाली, "काका, नंबर तर तोच होता ना? मग आवाज कसा बदलला?"

प्रश्न बिनतोड होता. रविवारी आम्ही दोघांनी तिचा कीबोर्ड चादरीत गुंडाळला आणि इंदापूरची एसटी पकडली. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी... तुकोबांच्या पालखीचा रस्ता. शाळेतल्या सरांनी त्यांचा कीबोर्ड एका दिवसासाठी दिला. दोन्ही वाद्यं सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवली. कंपन्या वेगवेगळ्या, पण दोन्हींवर एकच छोटी खूण : 'जीएम'. म्हणजे जनरल मिडी. म्हणजे दोघं एकाच घराण्यातले, चुलतभाऊ म्हणा ना!

शून्य की एक?

ही जीएमची यादी १९९१ साली ठरली. त्याआधी एका कीबोर्डवर पाचवा आवाज बासरीचा, तर दुसऱ्यावर ढोलाचा, असा सावळा गोंधळ असे. मग वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून १२८ आवाजांची एक यादी केली. पहिला पियानो, ७४ वी बासरी, १०५ वी सतार आणि ११२ वी आपली सनई! यादीतलं तिचं इंग्रजी स्पेलिंग मात्र थोडं चुकलंय, 'शनाई' असं वाचता येतं. असू दे, जगाच्या यादीत सनई आली हे काय थोडं झालं?

मग घोटाळा कुठं झाला? भाच्याला म्हटलं, "पहिला आवाज लाव." पुतणीच्या कीबोर्डवर पियानोचा आकडा दिसला ००१. शाळेच्या कीबोर्डवर दिसला ०००!

पुतणी टाळी वाजवून म्हणाली, "अय्या! हा शून्यापासून मोजतोय!"

अगदी बरोबर. कीबोर्डच्या आतला आकडा सात छोट्या स्विचांनी लिहिला जातो. सगळे बंद म्हणजे ०, सगळे चालू म्हणजे १२७. मिळून आकडे १२८. काही कंपन्यांनी तोच आकडा तसाच दाखवला, ० ते १२७. काहींनी विचार केला की माणसं एकापासून मोजतात, म्हणून त्यांनी दाखवला १ ते १२८. उंच इमारतीत पाहा, कुणी तळमजल्याला शून्य म्हणतं, कुणी पहिला. तुम्ही लिफ्टमध्ये आकडा तोच दाबता आणि भलत्याच घराची बेल वाजवता!

शाळेच्या कीबोर्डवर ११२ दाबलं म्हणजे यादीतला ११३ वा आवाज लागला. आणि ११३ वा आवाज कुठला? किणकिणती घंटी! सनईची सख्खी शेजारीण.

भाच्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मामा, मी चुकलो नव्हतो?"

"नव्हतास. आता मलाच बघ. माणूस एकच, पण ही मला काका म्हणते आणि तू मामा. सनईचंही तसंच. बारामतीत ती ११२, इंदापुरात १११."

आकडा जातो, आवाज घरीच राहतो

भाच्याने १११ दाबलं. सनई वाजली! पण दोन मिनिटांत त्याच्या कपाळावर आठ्या. "मामा, ही सनई तशी नाही वाजत. हिला सर्दी झालीय."

कान तयार होता पोराचा! यादीत फक्त एवढंच ठरलंय की या क्रमांकावर सनई असेल. ती सनई कशी वाजेल, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एका कंपनीने एका वादकाची सनई रेकॉर्ड केली, दुसरीने दुसऱ्याची. स्वस्त कीबोर्डात आठवण साठवायला जागा कमी. मग एकाच सुराचं रेकॉर्डिंग घेतात आणि तेच वेगाने किंवा सावकाश वाजवून आजूबाजूचे सूर तयार करतात. मधल्या पट्ट्यांवर ते छान लागतं, पण टोकाला गेलं की सनईची पिपाणी होते. महागड्या कीबोर्डात थोड्याथोड्या अंतरावर वेगळं रेकॉर्डिंग असतं, शिवाय हळू आणि जोरात वाजवलेलं वेगळं.

नकलेची ही कला जुनी आहे बरं का! वरातीत 'नागीण डान्स' सुरू झाला की रुमालाची पुंगी करून नाचणारे तुम्ही पाहिले असतील. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली ती पुंगी खरी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवरच्या छोट्या कीबोर्डवर वाजवली होती, जोडीला रवी यांची पेटी होती. क्लॅव्हिओलिनमध्ये एका वेळी एकच सूर वाजतो. पण पुंगीला तेवढाच लागतो! म्हणजे नक्कल चांगली व्हायला नुसतं यंत्र पुरत नाही, वाजवणाऱ्याचा कानही लागतो.

मग आम्ही आणखी एक गंमत केली. दोन्ही कीबोर्डांच्या पाठीला पाच टोकांचं गोल भोक होतं. तिथं वायर जोडली : बारामतीकराच्या 'आऊट' मधून इंदापूरकराच्या 'इन' मध्ये. बारामतीकराची पट्टी दाबली, आणि आवाज आला इंदापूरकराच्या पोटातून! भाचा दचकलाच.

या वायरीतून आवाज जात नाही. जातात फक्त आकडे. "६० नंबरची पट्टी दाबली, इतक्या जोरात." मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०. जोर १ ते १२७ मध्ये मोजायचा. एका सुराचा हा निरोप सेकंदाच्या हजाराव्या भागात पोचतो. पत्रातून गाणं पाठवायचं, तर आपण स्वरलिपी लिहून पाठवतो, गळा पाठवत नाही. तसंच हे.

या भाषेचं नाव मिडी. तिच्याआधी एका कंपनीचा कीबोर्ड दुसरीच्या कीबोर्डशी सहजी बोलत नसे. मग एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांची माणसं एकत्र बसली. त्यात पुढाकार होता अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांचा आणि जपानच्या रोलँड कंपनीच्या इकुतारो काकेहाशी यांचा. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रदर्शनात स्मिथ यांच्या कंपनीचा 'प्रॉफेट-६००' आणि रोलँडचा 'ज्युपिटर-६' एका वायरीने जोडले, आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर वाजलं. ही भाषा त्यांनी सगळ्यांना मोफत वापरू दिली. २०१३ साली दोघांना त्यासाठी ग्रॅमी सन्मान मिळाला. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली, तरी तिच्यात जुन्या कीबोर्डांशी बोलायची सोय ठेवलीच आहे.

ढोलकी कुठंय?

पुतणीने मग १२८ आवाजांची यादी वरून खाली वाचली. "काका, यात तबला नाही. ढोलकीपण नाही!"

खरंच नाही. सतार आहे, सनई आहे, पण तबला, ढोलकी, संबळ यांना त्या यादीत जागा मिळाली नाही. म्हणून काही कंपन्यांनी भारतासाठी वेगळे कीबोर्ड काढले. यामाहाच्या पीएसआर मालिकेत 'आय' अक्षराचे, कॅसिओचे नावाच्या शेवटी 'आयएन' असलेले, रोलँडचा एक्सपीएस-१०. त्यांत आपले आवाज आहेत, पण ते १२८ च्या यादीबाहेर, ज्याच्या त्याच्या सोयीच्या क्रमांकावर. म्हणून एका कीबोर्डवर ढोलकी घालून बसवलेलं गाणं दुसऱ्यावर नेलं, तर तिथं ढोलकी वाजेलच असं नाही. अगदी एकाच कंपनीच्या थोरल्या आणि धाकट्या मॉडेलमध्येसुद्धा हे होतं. थोरल्याकडे पाचशे आवाज, धाकट्याकडे दोनशे. जे नाहीत ते तो कुठून आणणार?

आईबाबांना वाचून दाखवा

जुना कीबोर्ड घ्यायचा विचार असेल, तर एवढं तपासून घ्या :

१. पहिला आवाज लावा. आकडा ० आहे की १, ते वहीत लिहा.

२. एकच पट्टी हळू आणि जोरात दाबा. आवाज लहानमोठा झाला तर उत्तम. नाही झाला, तर त्या कीबोर्डला जोर कळत नाही.

३. मागे गोल मिडीचं भोक आहे की यूएसबी, ते पाहा. दोन कीबोर्डांची कॉम्प्युटरला जोडायची यूएसबी भोकं एकमेकांना थेट जोडून चालत नाहीत. मध्ये कॉम्प्युटर किंवा तसं दुसरं यंत्र लागतं.

४. अडॅप्टर! पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही. कुणाला ९ व्होल्ट लागतात, कुणाला १२. कुणाच्या पिनेचा मधला भाग धन, कुणाचा ऋण. भोकाशेजारी छोटं चित्र असतं. ते आणि अडॅप्टरवरचं चित्र सारखं असेल तरच लावा, नाहीतर कीबोर्ड कायमचा मुका व्हायचा.

५. पायाने दाबायचं पेडल दुसऱ्या कंपनीचं असेल, तर ते उलटं चालू शकतं. पाय काढला की सूर लांबतो, दाबला की थांबतो! घाबरू नका, काही पेडलांना ते सुलटं करायचं बटण असतं. काही कीबोर्डांत पेडल जोडून, त्यावर पाय न ठेवता कीबोर्ड चालू केला, की तो आपोआप जुळवून घेतो.

बक्षीस समारंभाच्या दिवशी आम्हांला पुन्हा इंदापूरला जाता आलं नाही. संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे भाचा. म्हणाला, "मामा, मोबाईल नाही लावू दिला मी! आणि ती सर्दीवाली सनई आहे ना, ती वरच्या पट्ट्यांवर वाईट वाजते. म्हणून मी सगळं खालच्या सप्तकात वाजवलं. कुणी हसलं नाही."

मी फोन पुतणीकडे दिला. ती म्हणाली, "वहीत लिहिलंस का?"

त्याने लिहिलं होतं. सनई – बारामती ११२, इंदापूर १११. खाली आणखी एक ओळ : 'आधी वाजवून बघायचं.'

करून पाहा : शाळेत किंवा शेजारी दोन कीबोर्ड मिळाले, तर दोन्हींवर बासरी लावा. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने वाजवायचं. कुठला कीबोर्ड वाजतोय ते ओळखा. मधल्या सप्तकात ओळखणं सोपं जातं की वरच्या? का बरं?

या आठवड्याचं कोडं : शून्यापासून मोजणाऱ्या कीबोर्डवर सतार हवी. कुठला आकडा दाबाल? आणि चुकून १०५ दाबलं, तर आपल्या वरातीतल्या कुठल्या पार्टीचं नाव असलेलं वाद्य वाजेल? उत्तर पुढच्या अंकात.