ही संमती नव्हे, सक्ती



‘कुकीजचा एवढा बाऊ कशाला?’ असा सवाल करणाऱ्या लेखातील तीन विधाने तपासून घ्यायला हवीत.

कुकीज, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदी, रोखल्या तर संकेतस्थळे चालणार नाहीत, हे अर्धसत्य आहे. लॉग-इन टिकवणारी, खरेदीची यादी लक्षात ठेवणारी कुकी सहसा त्या संकेतस्थळाची स्वतःची असते. जाहिरात कंपन्या माग काढण्यासाठी ठेवतात त्या त्रयस्थ कुकीज वेगळ्या. आयफोनमधला सफारी ब्राउझर २०२० पासून त्या सरसकट रोखतो. म्हणून काही आयफोनधारकांचे व्यवहार ठप्प झालेले नाहीत.

‘वापरणारा स्वतःच संमती देतो’ हे तर धाडसी विधान. होकाराचे बटण ठळक आणि नकार दोन-तीन पडद्यांआड, याला संमती म्हणत नाहीत. आधीच खूण केलेली चौकट संमती ठरत नाही, असा निवाडा युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्येच दिला. नकार अवघड केल्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी, तर फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला.

ब्राउझरच्या ‘इन्कॉग्निटो’ म्हणजे खासगी खिडकीत कोणाला काही कळत नाही, हा दिलासाही फसवा. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्यावर त्या सत्रातील कुकीज पुसल्या जातात, एवढेच. तुमचा आयपी पत्ता संकेतस्थळाला दिसतोच.

त्रयस्थ कुकीज क्रोममधून काढून टाकण्याचा बेत गुगलने गुंडाळला आहे. तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन त्या स्वतःच रोखाव्यात. बाऊ नको, पण गाफीलपणाही नको.

– एक वाचक, नाशिक