मानधनाला म्हातारपण नसते का?

१४ मार्च २०२३ रोजी राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले. २० मार्चला संप मिटला. त्या आठवड्यात तिजोरीवरच्या बोज्याची भरपूर चर्चा झाली. पण सरकारचेच काम करणाऱ्या आणि तरीही कर्मचारी न म्हणवणाऱ्या बायांचे काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. नोकरी १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणून जुनी पेन्शन मिळते. बाईच्या आयुष्यात पेन्शनचा अर्थ जरा वेगळाच असतो. शेत सासऱ्यांच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर. पेन्शन मात्र माझ्या खात्यात येते. औषधासाठी मुलापुढे हात पसरावा लागत नाही आणि घरात माझ्या शब्दाला वजन राहते.

पडेगावात आमच्याच गल्लीत एक परिचारिका राहते. ती १ नोव्हेंबर २००५ नंतर लागली. तिच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार आपला हिस्सा घालते आणि तो पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी जेवढे साठेल, त्यावर पेन्शन. बाळंतपणानंतर बिनपगारी रजा घेतली की तेवढे महिने खात्यात काहीच पडत नाही. २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली. त्यात मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे, पण पंचवीस वर्षे सेवा झाली तर. नवऱ्याने टाकल्यावर किंवा तो गेल्यावर, पस्तिशी उलटून नोकरीला लागलेल्या बाईने ही पंचवीस वर्षे कुठून आणायची?

तरीही परिचारिकेचा हिशेब कुठेतरी लिहिला जातो. संप केला तर पदरात काही पडते. संप मिटल्यावर अकराच दिवसांनी, ३१ मार्च २०२३ रोजी, सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तीवेतन देण्याचा शासन निर्णय निघाला. कितीतरी विधवांना त्याचा आधार झाला.

त्याच गल्लीत अंगणवाडीच्या मदतनीस बाईही राहतात. पोरांना घरोघरून गोळा करून आणायचे, खाऊ घालायचे, भांडी घासायची, सेविकेबरोबर वजने घ्यायची. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पन्नास वर्षे उलटली, पण हे काम अजून 'मानसेवी' आहे आणि त्याच्या मोबदल्याला पगार नव्हे, मानधन म्हणतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत. मार्च २०१८ मध्ये मात्र राज्य सरकारने त्यांना 'मेस्मा' लावला. ओरड झाल्यावर त्याला स्थगिती दिली. म्हणजे संप करायचा म्हटले की यांची सेवा अत्यावश्यक, आणि म्हातारपणाची सोय मागितली की नुसती समाजसेवा! या कामाला निवृत्तीचे वय आहे, निवृत्तीवेतन तेवढे नाही.

हा योगायोग नाही. मुलांना भरवणे, बाळंतिणीची विचारपूस करणे ही बाईची घरची कामे. ती तिने मायेने करायची असतात, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. घरात जे काम फुकट मिळते, ते सरकारला स्वस्तात हवे असते. आशाताईंचेही तेच.

पैसा कुठून आणायचा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, असे म्हटले. हे तत्त्व सरकारी कर्मचाऱ्यासाठी खरे असेल, तर तीस वर्षे खिचडी वाटणाऱ्या बाईसाठी खोटे कसे? २५ एप्रिल २०२२ रोजी याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो, असा निकाल दिला. तरीही ग्रॅच्युइटी आणि पेन्शन मागण्यासाठी त्यांना ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संप करावा लागला. तेव्हा मदतनिसाचे मानधन महिना ५,५०० रुपये होते. त्यातून म्हातारपणासाठी बाजूला काय टाकणार?

जुनी पेन्शन मागणाऱ्या भावाबहिणींशी माझे भांडण नाही. त्यांची मागणी न्याय्य आहे. पण २००५ च्या तारखेने पाडलेली भिंत तोडताना 'मानधन' या शब्दाने उभी केलेली भिंत तशीच राहिली, तर लढा अर्धाच राहील. पक्क्या नोकरीतल्या संघटनांनी पुढच्या मागणीपत्रकात सेविका, मदतनीस आणि आशांना दरमहा पेन्शन ही मागणी शेवटच्या ओळीत न टाकता वर घ्यावी. मानधनाऐवजी वेतन हा शब्द लिहायला सरकारला भाग पाडावे. आणि आपण बायांनी 'सेवा' म्हणून होणाऱ्या कौतुकाला भुलू नये. सत्काराच्या शालीने म्हातारपण निभत नाही.