कढीलिंबाला झोपू द्या

मंडळी, आमच्या तळेगावात थंडी पडली की शाली बाहेर निघतात, कुंड्या मात्र अंगणातच राहतात. न्यू जर्सीतल्या आपल्या लेकी-सुनांना ही चैन नाही. तिकडे बऱ्याच भागांत ऑक्टोबरातच दव गोठू लागतं, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्याही आधी. म्हणून माझं म्हणणं, रात्रीचा पारा दहा अंशांकडे उतरू लागला की मुहूर्त न बघता तुळस आणि कढीलिंब घरात घ्यावेत.

घ्यायच्या आधी आठवडाभर कुंडी सावलीत ठेवावी, म्हणजे कमी उजेडाची सवय होते. पानं उलटून पाहावीत. मागे खवले कीड किंवा लाल कोळी दिसला तर साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून काढावा. मग दक्षिणेकडची खिडकी द्यावी, हीटरच्या झोतापासून दूर.

खरी अडचण पुढे येते. ऊब आणि उजेड कमी झाला की कढीलिंब पानं गाळतो. घरात घबराट होते. कुणी रोज पाणी घालतं, कुणी खत. झाड झोपलेलं असतं, त्याला भूक नसते. ओल्या मातीत मुळं कुजतात आणि जे थंडीने मेलं नसतं ते मायेने मरतं. बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको आणि वसंतापर्यंत खत नको.

जानेवारीत नुसती काडी उरली म्हणून ते फेकू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. नवं मिळवणं सोपं नाही. कढीलिंब लिंबू-संत्र्याच्या कुळातला. त्यावर राहणारी एक कीड या बागांचा रोग पसरवते. फ्लोरिडात तो रोग २००५ साली सापडला, म्हणून अमेरिकेत या झाडाच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. इथून पिशवीत घालून नेण्याचा तर विचारही नको.

तुळशीचं वेगळं. तिचं आयुष्यच थोड्या वर्षांचं. तिच्या वाळल्या मंजिऱ्या जपून ठेवाव्यात आणि ती गेली तर अपशकुन मानू नये. मे महिन्यात बी पेरावं. तेव्हाच कढीलिंबाची कुंडीही बाहेर काढावी, पण आधी सावलीत, मग हळूहळू उन्हात.