उपटलेलं मोजू नका, उरलेलं मोजा

आज जरा शिवाराबाहेरचं, समुद्रातलं.

लायनफिश हा विषारी काट्यांचा मासा, मूळ हिंदी-प्रशांत महासागरातला. शोभेच्या टाक्यांसाठी अमेरिकेत नेला, तिथून समुद्रात सुटला असं मानतात. १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला. आता कॅरिबियनभर झालाय.

कारण त्याची वीण. मादी साधारण वर्षात वयात येते, दर तीन-चार दिवसांनी अंडी घालते. वर्षाला जवळपास २० लाख! अंड्यांचे गोळे तरंगत प्रवाहाबरोबर लांब जातात.

तिथले पाणबुडे भाल्यानं हा मासा मारतात, स्पर्धा भरवतात, लोक खातातही. पण हौशी पाणबुड्या ४० मीटरपर्यंतच उतरतो. मासा ३०० मीटरवरही सापडलाय. खालची वीण चालूच.

आपल्या गाजरगवताचं हेच होतं. शेत स्वच्छ, पण बांध, पडीक अन् रस्त्याकडेला पांढरं फुललेलं. तिथलंच बी पुन्हा आपल्या रानात.

माझं स्पष्ट मत: एकट्यानं कितीही खुरपलं तरी भागत नाही. अख्ख्या गावानं एकाच आठवड्यात, फुलोऱ्याच्या आधी, पडकासकट उपटायला हवं.

तुमच्या गावात पडीक जागेचं कोण बघतं? कमेंटमध्ये सांगा.