सारख्या मापाची घरं

घरात कुणाचा पासपोर्ट असेल, तर आईबाबांना विचारून त्यांच्यासमोरच तो उघडा. फोटोच्या पानावर अगदी तळाशी दोन ओळी दिसतील. कवायतीच्या तासाला मुलं उभी राहावीत, तशी शिस्तीत उभी असलेली अक्षरं!

पुस्तकातल्या छपाईत इंग्रजी 'आय'ला थोडीशी जागा पुरते, 'डब्ल्यू' मात्र ऐसपैस बसतो. इथं दोघांनाही एकाच मापाचं घर! टाइपरायटरवरही असंच असायचं. कोणतंही अक्षर दाबा, कागद तेवढाच सरकायचा.

या अक्षरांचं नाव ओसीआर-बी. स्वित्झर्लंडच्या अॅड्रियन फ्रुटिगर यांनी ती १९६८ साली तयार केली. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरच्या पाट्यांची अक्षरंही त्यांचीच. त्याच सुमाराला अमेरिकेत ओसीआर-ए निघालं होतं. यंत्राला ते छान वाचता यायचं, पण माणसाला विचित्र वाटायचं. यंत्रालाही कळावं आणि डोळ्यांनाही खुपू नये, असं अक्षर फ्रुटिगर यांना हवं होतं. म्हणून त्यांनी टोकांची बारीक नक्षी काढून टाकली. 'आय'ला तेवढी वर-खाली आडवी रेघ ठेवली. नाहीतर तो आणि एकचा आकडा जुळे भाऊच वाटले असते!

आता सारख्या घरांचा उपयोग बघा. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ घरं. दुसऱ्या ओळीत १४ ते १९ या घरांत जन्मतारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्यामुळे कुठे काय शोधायचं ते यंत्राला आधीच ठाऊक असतं.

पण तरीही यंत्र चुकलं तर? बिचाऱ्या प्रवाशाची खोळंबाखोळंबी! म्हणून २० व्या घरात ताळ्याचा अंक असतो. तो कसा काढतात? समजा, जन्मतारीख १५ ऑगस्ट १९४७. म्हणजे ४७०८१५. या अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणा. उत्तरं येतात २८, २१, ०, ५६, ३, ५. बेरीज ११३. तिच्या एकं स्थानचा ३ हाच ताळा! यंत्राने १ च्या जागी चुकून ७ वाचला, तर बेरीज १३१ होते, ताळा १ येतो. ओळीत तर ३ छापलाय! यंत्र लगेच ओळखतं, काहीतरी गडबड आहे.

आता गणिताची चौकटींची वही घ्या. एका चौकटीत एकच अंक, अशी तुमची जन्मतारीख लिहा आणि ताळा काढा. पासपोर्ट असेल तर २० व्या घराशी जुळवून बघा. मात्र पासपोर्टचा नंबर मित्रांना दाखवत फिरायचं नाही हं!

आणि हो, मराठीतले 'र' आणि 'क्ष' सारख्याच चौकटींत लिहून बघा. कोण अवघडून बसतं आणि का, ते तुम्हीच शोधा!