‘होवाफूल’ म्हणजे सोलापूर! मग व्हॉट्सॲपचं कुलूप किती पक्कं?

परवा आमच्या सोलापूरच्या मित्रांच्या ग्रुपवर मी एकच शब्द टाकला: ‘होवाफूल’. कुणालाच कळेना. मग सांगितलं, प्रत्येक व्यंजन एक घर मागं घ्या. ह चा स, व चा ल, फ चा प, ल चा र. झालं सोलापूर!

असा सायफर रोमचा ज्युलियस सीझरही वापरायचा, तीन घरं सरकवून. किती घरं सरकवायची, हा आकडा म्हणजे किल्ली. गोची इथंच आहे. क ते ळ व्यंजनं 34, म्हणजे किल्ल्या फक्त 33. फोन त्या सगळ्या क्षणात लावून बघतो.

महानुभाव पंथानं आपल्या ग्रंथांसाठी याहून अवघड सकळ लिपी वापरली. त्यात एका अक्षराच्या जागी ठरवलेलं दुसरंच अक्षर यायचं. कित्येक शतकं ती बाहेरच्यांना वाचता आली नाही. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी तीही उलगडली.

व्हॉट्सॲपच्या कुलपाला मात्र शक्य किल्ल्यांची संख्याच 78 आकडी आहे. खरी किल्ली फक्त तुमच्या आणि समोरच्याच्या फोनमध्ये असते, कंपनीकडेही नाही. वाद सुरू आहे तो यावरूनच. मेसेज सर्वांत आधी कुणी पाठवला, हे आदेश आल्यावर सांगता आलं पाहिजे, असं 2021 चे आयटी नियम म्हणतात. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलं. एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्ही भारतातून जाऊ, असं एप्रिल 2024 मध्ये त्यांच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं.

सरकारची काळजी खोटी नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणाऱ्या टोळीची ती अफवा व्हॉट्सॲपवरूनच फिरत होती.

तरीही मला कुलूप कमकुवत करणं पटत नाही. पहिला पाठवणारा शोधायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागेल, कारण उद्या कुठला मेसेज अफवा ठरेल हे आज कुणालाच माहीत नसतं. आणि फक्त पोलिसांनाच उघडेल असं कुलूप गणितात बनत नाही.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा आणली. त्यासाठी कुणाचाही मेसेज उघडावा लागला नाही. सहाव्या चॅटला फॉरवर्ड होणं ॲप थांबवतं. पहिल्या पाचांना थांबवणं आपल्याच हातात आहे.